तिरपी फूटपट्टी

मंठ्याच्या शाळेत जून महिन्यातला नववीचा भूगोलाचा पहिला तास वर्गात होतच नाही. सत्यशीलाबाई पोरांना मैदानात नेतात, ओळीत उभं करतात आणि म्हणतात, तुम्ही मंठ्यात आहात, मक्केकडं तोंड करा. पोरं पश्चिमेला वळतात. आता तुम्ही कैरोत आहात, वळा. आता एडनमधे, वळा. आता कुवेतला. पोरं हातात नकाशा धरून गरागरा फिरतात, एकमेकांवर आदळतात आणि हसून हसून बेजार होतात. रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणाशी थांबून हा तमाशा बघतात. नवीन आलेल्या एका सरांनी एकदा विचारलं होतं, हे पुस्तकात कोणत्या पानावर आहे? बाई म्हणाल्या, कोणत्याच नाही, आणि पुढं निघून गेल्या. बाई बौद्ध घरातली, पोरं बारा गावची, आणि शिकवायचं काय तर मक्का! गावाला नवल वाटलं तर त्यात गावाचं काय चुकलं? पण ह्या फिरण्याच्या मागं एकोणीसशे नव्वद सालचे दोन महिने आहेत, आणि ते बाईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक.

सत्यशीलाचे वडील कडूबा गवंडी होते. हाताला सफाई असलेला माणूस. पार धावड्यापर्यंत, अंबडकडच्या खेड्यांपर्यंत त्यांना बांधकामाला बोलावणं यायचं. परक्या गावात गेलं की पहिलं काम दिशा ठरवायचं, कारण घरमालकाला दार पूर्वेलाच पाहिजे असायचं आणि आभाळ भरून आलेलं असलं की सूर्य कुठं ते कळायचं नाही. मग कडूबा गावातली मशीद शोधायचे. नमाजाला माणसं ज्या भिंतीकडं तोंड करतात ती पश्चिम. तिच्याकडं तोंड करून उभं राह्यलं की उजव्या हाताला उत्तर. उभ्या आयुष्यात ही खूण त्यांना एकदाही दगा देऊन गेली नाही. सुट्टीत बापाच्या मागं भिंत सरळ बघायचा ओळंबा घेऊन फिरणारी सत्यशीला पहिला भूगोल शिकली तो हाच.

पुढं जालन्याला कॉलेज, औरंगाबादला बी. एड., आणि त्र्याऐंशी साली मंठ्याच्या शाळेत नोकरी. भूगोल तिनं हौसेनं घेतला होता. ज्या घरातलं कोणी परभणीच्या पलीकडं गेलं नव्हतं त्या घरातली ही पोरगी कांगोच्या खोऱ्यावर तासभर बोलायची. तिची शिकवायची एक रीत होती. कोणताही प्रदेश घेतला की आधी जमीन, पाऊस, ऊन, वारा. आणि मग माणसं. काय खातात, घरं कशाची बांधतात, देव कोणता मानतात. जमीन आधी समजली की माणूस आपोआप समजतो, असं ती म्हणायची. आणि दिशांचा धडा आला की बापाची खूण पोरांना सांगायची. सांगताना वर दोन शब्द पदरचे घालायची: जगात कुठंही जा, मशीद बघा, दिशा चुकणार नाही.

जगात कुठंही! ह्या दोन शब्दांनी पुढं तिचा जीव नकोसा केला.

नवरा वसंता. वायरमन. जालन्याच्या आयटीआयचा, हातात कसब, तोंडावर सदा हसू, आणि कानाचा जरा कमीच. म्हणजे ऐकू यायचं सगळं, पण ऐकायचा नाही कोणाचं. अठ्ठ्याऐंशीच्या जून महिन्यात त्याला कुवेतच्या एका कंपनीत काम लागलं. तीन वर्षांचा करार. सत्यशीला नाही म्हणाली नाही, पण तिला झोप येईना. ती मुळात घोर लावून घेणारी बाई. वसंताला परतूरला जाऊन यायला उशीर झाला तरी दहा वेळा दारात जायची. इथं तर नकाशावर एक अख्खा समुद्र मधे होता. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर सासू गोजरबाई लेकाच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा देत होत्या, आणि ही त्याला सांगत होती की तिकडं सगळं सपाट वाळवंट, ना डोंगर ना झाड, दिशा कळणार नाही. कुठं अडचण आलीच तर मशीद बघा. नमाजाला तोंड करतात ती पश्चिम, उजव्या हाताला उत्तर. उत्तरेला बसरा, तिकडं नदी आहे, वस्ती आहे. बाकी तिन्ही अंगांनी वाळू आणि समुद्र.

वसंता म्हणाला, मी काय उंट चारायला चाललोय का? आणि गाडीत बसला.

दोन वर्षं चांगली गेली. पत्र यायचं, दिवाळीला एकदा फोनही आला होता. मग नव्वदच्या ऑगस्टमधे एका सकाळी रेडिओनं सांगितलं की इराकचं सैन्य कुवेतमधे घुसलं. सत्यशीलाच्या हातातली परात तशीच राह्यली. शाळेत गेली तर स्टाफरूममधे सगळे तिच्याच तोंडाकडं बघायला लागले. कुवेत कुठं आहे हे तिच्याशिवाय कोणाला नीट माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्यांचं बरं असतं. ते म्हणायचे, सरकार आणील हो बाई, इतकी माणसं आहेत आपली. तिला मात्र सगळं दिसत होतं. ऑगस्टमधे तिथं पारा किती चढतो ते तिनं पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. पाणी कुठून येतं तेही: समुद्राचं खारं पाणी यंत्रानं गोडं करायचं, तेव्हा प्यायचं. यंत्र बंद पडलं तर? हा प्रश्न पुस्तकात नव्हता. तो तिच्या पोटात होता, दिवसरात्र.

टेलिफोनच्या तारा बंद. पत्र नाही. जालन्याला कलेक्टर कचेरीत जाऊन ती नाव सांगून आली. तिथला साहेब भला होता, त्यानं बसवून चहा पाजला आणि म्हणाला की लोक बसनं बगदादला चालले आहेत, तिथून जॉर्डनला, तिथून विमानं मुंबईला आणून राह्यलीत. सत्यशीलानं घरी येऊन तो रस्ता सासूला सांगितला, पण निम्माच. गोजरबाईंच्या जगात मंठा, परतूर, जालना आणि त्यापुढं ‘तिकडं’ एवढंच होतं. तिकडून पोरगं बसनं निघालंय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि भाकरी थापायला घेतली. बस म्हणजे एसटी, एसटी म्हणजे येणारच. सत्यशीलाला त्या भाकरीच्या आवाजाचाही राग यायला लागला होता. मग रागाचीच लाज वाटायची.

नववीला पश्चिम आशिया शिकवायची वेळ नेमकी ऑगस्टच्या शेवटी आली. टाळता आलं असतं, पण शिकवत असताना तरी डोकं ठिकाणावर राहील असं तिला वाटलं. जगाचा मोठा कापडी नकाशा खिळ्याला लावला. जमीन झाली, ऊन झालं, तेल झालं. मग माणसं. धर्माची ठिकाणं सांगताना तिनं लाकडी फूटपट्टी उचलली, एक टोक मंठ्यावर ठेवलं, दुसरं मक्केवर. पट्टी जवळजवळ आडवी पडली. हे बघा, ती म्हणाली, म्हणून आपल्याकडं नमाज पश्चिमेला.

त्या महिन्यात तिचा हात नकाशावर कुठंही गेला तरी कुवेतकडं सरकायचा. तसाच सरकला. पट्टीचं मंठ्यावरचं टोक तिनं उचललं आणि कुवेतवर ठेवलं.

पट्टी तिरपी पडली. चांगली उतरत, खाली डावीकडं.

सत्यशीला बघतच राह्यली. मक्का कुवेतच्या पश्चिमेला नव्हतीच. नैऋत्येला होती. म्हणजे कुवेतमधे नमाजाला उभा राह्यलेला माणूस पश्चिमेकडं बघत नसतो. आणि त्याच्या उजव्या हाताला उत्तर नसते, वायव्य असते. तिनं पट्टी त्या अंगाला फिरवली. पट्टीखाली ना नदी आली ना गाव. नकाशावर तिथं नुसता पिवळा रंग होता. बसऱ्याचा रस्ता बाजूलाच राह्यला.  कांगो, सहारा, सैबेरिया, सगळं शिकवलं, आणि आपल्याच माणसाला उजवा हात चुकीचा दाखवून पाठवला! बापाची खूण खोटी नव्हती, पण ती मराठवाड्याची खूण होती. जगाची तिनं केली. पोरं वाट बघत होती. तिनं फळ्यावर खजुराच्या उत्पादनाचं काहीतरी लिहिलं आणि तास संपायची घंटा होईपर्यंत पाठमोरीच उभी राह्यली.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. आधी युद्धाची भीती होती, ती सगळ्यांची होती. ही भीती एकटीची होती. ती स्वतःला समजवायची, अगं, बसनं येतील ते, ड्रायव्हरला रस्ता माहीत असतो, तुझी मशीद कोण विचारतंय? दुपारपर्यंत हे पटायचं. संध्याकाळी गावातली अजान झाली की पुन्हा पटेनासं व्हायचं. सात वर्षं आपण हेच पोरांना सांगितलं, त्यातलं एखादं उद्या तिकडं गेलं तर, हेही मनात यायचं. पण खरं सांगायचं तर तेव्हा तिला जगातली बाकीची पोरं सुचतच नव्हती. तिच्या डोळ्यापुढं एकच माणूस होता, तो मशिदीसमोर उभा होता, आणि उजवीकडं वळत होता.

सप्टेंबरमधे बातमी आली की परतूरचा अप्पाराव आला. वसंताच्याच कंपनीत पाइप जोडायच्या कामाला होता. सत्यशीला गोजरबाईंना घेऊन पहिल्या गाडीनं परतूरला गेली. अप्पाराव ओसरीत पडला होता, ओठ फुटलेले, घरभर माणसं. त्यानं गोजरबाईंच्या पाया पडून आधी चेहरा पाडला.

“वसंता आमच्या आधीच निघाला, वहिनी,” अप्पाराव म्हणाला. “त्यानं बसची वाट न्हाई बघितली. दोन केरळवाल्यांसंगं एक जुनी गाडी घेतली. आम्ही म्हंलो, थांब, रस्ता म्हाईत न्हाई. तर म्हंला, मला दिशा बराबर कळते.”

“कशावरून म्हंले?” सत्यशीलानं विचारलं. 

“ते न्हाई सांगितलं. आमच्या खोल्यांच्या पुढं मशीद होती, तिकडं बघून हात केला अन् गेला.”

आधी निघालेला माणूस अजून घरी नाही, आणि मागून निघालेला ओसरीत पडून चहा पिऊन राह्यलाय. अप्पारावच्या बायकोनं जेवायचा आग्रह केला, पण सत्यशीला थांबली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीतून बघत राह्यली. दोन्ही अंगांना हिरवी ज्वारी, कापूस, पाणी भरलेले ओढे, आणि तिला मात्र सगळीकडं तो पिवळा रंगच दिसत होता.  मंठा जवळ आल्यावर गोजरबाईंनी सुनेचा हात धरला आणि म्हणाल्या, माय, काय लपवून राह्यली तू माझ्यापासून?

मग सत्यशीलाचा बांध फुटला. भर एसटीत तिनं सासूला सगळं सांगितलं. मशीद, उजवा हात, फूटपट्टी, वाळवंट. नैऋत्य म्हणजे काय ते सांगायला तिनं समोरच्या बाकाच्या दांड्यावर बोटानं नकाशा काढला. माझ्यामुळं ते वाळूत गेले आत्याबाई, ती म्हणाली, मीच सांगितलं होतं.

गोजरबाईंनी दांड्याकडं पाह्यलं, सुनेकडं पाह्यलं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “वसंत्यानं लहानपणापासून माझं कधी ऐकलं न्हाई. त्याच्या बापाचं न्हाई, मास्तरचं न्हाई. विहिरीवर जाऊ नको म्हंलं की जाणार. ते तुझं काय ऐकंल?”

पोटच्या पोराबद्दल आईनं असं बोलावं, आणि बायकोला त्यातून धीर यावा, अशी ती वेळ होती. सात वर्षं सत्यशीला नवऱ्याच्या नावानं खडे फोडत होती की हे माणूस माझं कधी ऐकत नाही. आता ती रोज बुद्धवंदना झाली की हात जोडून तशीच बसायची आणि मनातल्या मनात म्हणायची, नका ऐकू माझं. एवढं एक माझं ऐकू नका.

दिवस जाईनात. रेडिओवर सीमेवरच्या तंबूंच्या बातम्या यायच्या, पाण्यासाठी लागलेल्या रांगांच्या. शाळेत ती शिकवायची, घरी येऊन स्वयंपाक करायची, आणि मधेच हातातलं टाकून शाळेतून आणलेल्या पृथ्वीगोलापाशी जाऊन बसायची. गोल फिरवून बघायची, कुठं काही आपलीच बघण्यात चूक आहे का. नव्हती. गोजरबाई तिच्या पुढ्यात ताट ठेवायच्या आणि ती खाईपर्यंत समोरून उठायच्या नाहीत. दोघींचं बोलणं कमी झालं होतं, पण दोघी आता एकाच खोलीत झोपायच्या.

आणि सप्टेंबर संपता संपता एका दुपारी वसंता आला. ना तार, ना निरोप. जालन्याच्या गाडीतून उतरला आणि चालत आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, हातात एक पिशवी. गोजरबाई दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप टाकून दिलं. शेजारच्या पोरीनं पळत जाऊन शाळेत सांगितलं आणि सत्यशीला खडूचे हात तसेच घेऊन घरी आली. दारात थबकली. तो म्हणाला, मीच हाये, आत ये. तेव्हा ती रडायला लागली.

जेवताना त्यानं थोडंथोडं सांगितलं. गाडी बसऱ्यापर्यंत नीट गेली. बगदादहून पुढं जॉर्डनच्या सीमेवर मात्र तंबूत अडकला, हगवणीनं आठ-दहा दिवस उठता येईना. केरळवाल्यांनी त्याला सोडलं नाही, पाणी पाजलं, उचलून विमानापर्यंत आणलं. सत्यशीला भाजी वाढत होती आणि तिच्या ओठावर एकच प्रश्न होता. तो विचारायची तिची हिंमत होईना. गोजरबाईंना हिंमतबिंमत लागत नव्हती.

“का रे,” त्या म्हणाल्या, “हिनं सांगितलेली मशीद बघितली का तू?”

वसंता घास हातात धरून हसला. दोन महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

“ते तर पहिल्याच दिवशी बघितलं,” तो म्हणाला. “गेल्तो त्याच संध्याकाळी. लोक नमाजाला उभे राह्यले अन् सूर्य समोर बुडायचा सोडून पार उजव्या अंगाला बुडला. मंग कळलं, आपली मास्तरीण हुकली. तवापासून मशीद बघायची अन् हिशेब माझा करायचा.”

सत्यशीलानं वाडगं खाली ठेवलं. “पहिल्या दिवशी,” ती म्हणाली.

“हां.”

“दोन वर्षं पत्रं लिहून राह्यले तुम्ही. चटणी संपली ते लिहिलं. खोलीत मुंग्या झाल्या ते लिहिलं. हे का न्हाई लिहिलं?”

वसंतानं घास ताटात ठेवला. मग ताटाकडं बघत म्हणाला, “तू भूगोलाची मास्तरीण. तुझी चूक मी काढायची? तुला वाईट वाटलं असतं.”

वाईट वाटलं असतं! बाईच्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर ती मरत होती. त्या एका ओळीनं वाचली असती, आणि ह्यानं ती लिहिली नाही, का तर मन दुखू नये! ती ताडकन उठली आणि आतल्या खोलीत गेली. इकडं गोजरबाईंनी लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि जा म्हणाल्या तिच्याकडं.

वसंता आत गेला तर सत्यशीला पृथ्वीगोलापाशी पाठ करून बसली होती. तो दारातच उभा राह्यला. सुचलं तेवढं बोलला.

“तिथं उत्तरेचं मला काय काम पडत होतं गं रोज? उत्तर एकदा लागली, निघायच्या दिवशी.” तो थांबला. “पण संध्याकाळी लोक उभे राह्यले की मी बी बाजूला उभा राह्यचो. त्यांच्याकडं बघायचं, मंग डाव्या हाताला, अन् जरासं मागं. तिकडं मंठा. दोन वर्षं रोज तिकडं बघितलं मी.”

 सत्यशीलानं गोल फिरवला, बोट कुवेतवर ठेवलं, मक्केकडं तोंड केल्यासारखं धरलं, आणि डाव्या हाताला, जरासं मागं सरकवलं. समुद्र ओलांडून बोट किनाऱ्याला लागलं आणि आणखी थोडं आत आलं.

“बराबर हाये,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नववीच्या वर्गात गेली, नकाशा गुंडाळून काखेत घेतला आणि पोरांना म्हणाली, चला बाहेर, मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली होती. तेव्हापासून दर जूनला पोरं मैदानात फिरतात. कैरो, एडन आणि सगळ्यात शेवटी कुवेत. कुवेतला पोरं नैऋत्येकडं तोंड करून उभी राह्यली की बाई विचारतात, आता सांगा, तुमचं घर कोणीकडं? पोरं डावीकडं बघतात, मग जरासं मागं. बाई ओळीतून हिंडून एकेकाचा खांदा धरून बघतात, आणि सगळ्यांचं बरोबर आल्याशिवाय कोणाला वर्गात जाऊ देत नाहीत.